माहेबूरचे दोन सोमवार: बाजार, भट्टी आणि बोमली

मी दापोलीत एकवीस वर्षं खानावळ चालवते आणि माझं माहेर हर्णैचं. कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासा टोपलीत टाकायचा नाही, हे आईच्या मागेमागे लिलावाला फिरताना अंगात भिनलेलं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं मी त्याच नजरेनं पाहिलंय. मॉरिशसला जाणारी आपली बहुतेक मंडळी विमानतळावरून थेट उत्तरेच्या नाहीतर पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात जातात. विमानतळाच्या अगदी जवळ, आग्नेय किनाऱ्यावर, माहेबूर नावाचं मच्छीमारांचं गाव आहे ते त्यांच्या वाटेतही येत नाही. आलंच तर ‘बाजार दाखवतो’ म्हणून तासभर. माझा सल्ला असा, की रविवारी संध्याकाळी माहेबूरला पोचा, सोमवारचा बाजार करा, मंगळवारी नदीपलीकडची बिस्किटांची भट्टी बघा, आणि जमलं तर पुढच्या सोमवारपर्यंत तिथंच राहा. मी राहिले.

माझा मुलगा ओंकार मॉरिशसमध्ये एबेनला नोकरीला आहे. २०२३च्या ऑक्टोबरात मी त्याच्याकडे गेले, गणपती उरकून, नवरात्राच्या तोंडावर. त्या वर्षी घटाचं जाऊबाईंनी सांभाळलं म्हणून जमलं. ओंकार दिवसभर ऑफिसात, चौदाव्या मजल्यावरच्या घरात मी एकटी काय करणार? दोन दिवसांनी मीच म्हटलं, मला समुद्राजवळ सोड. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राची माहेबूरला ओळख निघाली. दोन खोल्या पाहुण्यांना देणारं घर, खालच्या मजल्यावर मालकीणबाई आणि त्यांचे यजमान. यजमान आयुष्यभर खाडीत मासेमारी केलेले, आता गुडघ्यांमुळे घरी. घराला पाटी नाही, त्यामुळे नाव देत नाही. बाईंना सगळी गल्ली ‘तांतिन’ म्हणते, म्हणजे मावशी. मीही तेच म्हणू लागले. त्यांचे पूर्वज बिहारकडचे. त्या घरात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून झालेली बोली, बोलतात, पण जुन्या माणसांची भोजपुरी त्यांना येते, आणि माझ्या हिंदीशी तिचं बऱ्यापैकी जुळलं. जिथं अडलं तिथं हातवारे.

पहिल्या संध्याकाळी परसात गेले आणि थबकले. नळाजवळ काळ्या दगडाचा पाटा आणि त्यावर वरवंटा. तिकडे पाट्याला ‘रोस कारी’ म्हणतात, आणि वरवंट्याला ‘बाबा’. बाबा म्हणजे बाळ. मी दोन्ही हातांनी पाळणा हलवल्यासारखं करून दाखवलं, की आमच्याकडे बारशाला वरवंट्यालाच टोपडं घालून पाळण्यात घालतात, त्याला गोप्या म्हणतात. तांतिनना समजायला वेळ लागला, पण समजल्यावर त्यांनी यजमानांना हाक मारून बाहेर बोलावलं आणि मला पुन्हा करून दाखवायला लावलं. आठ दिवसांच्या ओळखीची सुरुवात त्या दगडापासून झाली.

आता बाजार. हा बस स्टँडच्या शेजारी, समुद्राच्या अगदी काठाला भरतो. भाजीचा भाग रोज असतो, पण खरा बाजार सोमवारचा. त्या दिवशी आजूबाजूच्या रस्त्यांवर मंडप पसरतात, निम्म्याहून जास्त कपडे आणि प्लॅस्टिकच्या वस्तू. तो भाग मी भराभर ओलांडला, त्यात दापोलीच्या बाजारापेक्षा वेगळं काही नाही. भाजीच्या शेडमध्ये शिरा आणि मग मात्र पाय आवरा.

कोकणातल्या बाईला या शेडमध्ये परकं वाटणारच नाही. पालेभाज्यांना ते ‘ब्रेद’ म्हणतात. ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला, अगदी आपण गोकुळाष्टमीला करतो तो. ब्रेद सोंझ म्हणजे अळू. भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडेही जुडी बांधून विकायला होते, माझी आजी करायची ती भाजी, आता आमच्या बाजारात कोणी आणत नाही. पडवळाला पातोल, कारल्याला मार्गोझ, दोडक्याला पिपांगाय, कोथिंबिरीला कोतोमिली. शेवटचे दोन शब्द तमिळ मजुरांच्या तोंडून आलेले. टोमॅटोला मात्र फ्रेंच नाव, ‘पोम दामूर’, म्हणजे प्रेमाचं फळ. हे टोमॅटो छोटे, आंबट आणि पातळ सालीचे. संकरित टोमॅटोनं सार करून कंटाळलेल्या माणसाला ते बघूनच बरं वाटेल. शेजारीच कढीपत्ता आणि थाइम नावाचा वासाचा पाला एकाच जुडीत बांधलेले. आधी मला ही जोडी पटेना. आठ दिवसांत पटली.

ओंकारचा तो मित्र पहिल्या सोमवारी सुट्टी काढून आमच्याबरोबर आला होता. हा मुलगा मराठी, पण पाचव्या पिढीतला. घर पश्चिमेकडच्या कास्कावेलचं, जिथं मराठी वस्ती जुनी आहे. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. बहुतेक कलकत्त्याहून गेले, पण काही गलबतं मुंबईहूनही सुटली, आणि त्यांत रत्नागिरी भागातली माणसं होती. या मुलाची मराठी शाळेत शिकलेली, शुद्ध आणि सावकाश, ‘आपण येथे थोडा वेळ थांबू या’ अशी. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, आणि त्यांच्याकडे त्या रात्री ‘झाकरी’ नाचतात. मी विचारलं, जाखडी? तो म्हणाला, होय, झाकरी. दोघंही आपापला शब्द दोनदोनदा बोललो.

हाच मुलगा मला सुक्या मासळीच्या फळीपाशी घेऊन गेला. खारवलेल्या मोठ्या माशांच्या तुकड्यांच्या मागं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत काड्यांसारखं काहीतरी होतं. पिशवी न उघडताच वासावरून मला कळलं. विक्रेतीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, “बोमली.”

बोंबील. आमचे बोंबील. हा मासा तिथल्या समुद्रात नाही, सुकवलेला बाहेरून येतो. पण नाव सगळ्या बेटावर तेच आहे, मराठी असो, बिहारी असो, चिनी असो की आफ्रिकी वंशाचा, सगळे बोमलीच म्हणतात. आपल्या बायाबापड्यांनी गलबतातून काय काय नेलं असेल ते बहुतेक सगळं गेलं. त्या मुलाच्या घरात स्वयंपाकघरातली भाषा आता क्रिओल आहे. पण हा एक शब्द सगळ्या देशाच्या ताटात जाऊन बसला. मी तिथंच उभी राहून रडले. त्या विक्रेतीनं काही न विचारता मला बसायला स्टूल दिलं. दोन पाकिटं घेतली, बारीक आणि कडक बघून; मोठी जरा मऊ होती म्हणून ती नाही घेतली.

तांतिननी त्याचं ‘रुगाय’ केलं. रुगाय म्हणजे त्यांचं रोजचं टोमॅटोचं कालवण: कांदा, लसूण, आलं, मिरची, ते आंबट टोमॅटो आणि थाइम. बोमली आधी भाजून, कुटून काटा मोडून घेतली. मी असते तर कोकम टाकलं असतं आणि टोमॅटोला हात लावला नसता. पण त्या टोमॅटोला स्वतःचा आंबटपणा होता, आणि थाइमनं सुक्या मासळीचा उग्रपणा जसा खाली बसला तसा आमच्याकडे कशानंच बसत नाही. भातावर घेतलं. चवीला दहापैकी नऊ देईन. एक मार्क कोकमाचा ठेवते.

बाजारात उभ्यानं खायचं तर ढोल पुरी खा. डाळीचं सारण भरलेली, कागदासारखी पातळ पोळी, दोन-दोनच्या जोडीनं देतात, आत घेवड्याचा रस्सा, टोमॅटोची चटणी आणि मिरचीचा ठेचा. दुरून पुरणपोळीच वाटते, पण गूळ नाही, जिरं-हळद आहे. पहिला घास घेताना जीभ गोडाची वाट बघते, दुसऱ्यापासून सरावते. पोळी लाटणाऱ्या बाईचा हात बघण्यासारखा होता. एवढं सारण इतक्या पातळ पारीत, आणि एकही फुटली नाही. गातो पिमां म्हणजे आपले डाळवडे, फक्त लहान आणि जास्त कुरकुरीत. पावात घालून देतात, लोक सकाळी न्याहारीला तेच खातात. आलुदा मात्र मला फार गोड लागला, फालुद्याचीच बहीण आहे. अननस सोलून तिखट-मीठ-चिंचेचं पाणी लावून देतात, तो सोडू नका.

मासळी बघायची तर सकाळी ९च्या आत. उन्हं चढली की कुठल्याही बाजारात मासा मऊ पडतो. मी सात वाजता धक्क्यावरच गेले. ऑक्टोबरात तिथं मोठ्या जाळ्यांना बंदी असते, १ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. आपल्याकडे जून-जुलैत सगळ्या यांत्रिक होड्याच बंद, तिकडे जाळं बंद पण गळ आणि पिंजरे चालू. त्यामुळे होड्या लहान, हाती येणारा मासा थोडा, पण एकेक नग गळानं काढलेला. अंगावर जाळ्याचा ओरखडा नाही, खवला जागचा हललेला नाही. कापितेन नावाचा चंदेरी-करडा मासा, लाल व्येय, पोपटाच्या चोचीच्या तोंडाचा हिरवा-निळा कातो. कल्ले उघडून पाहिले, डाळिंबासारखे. भाव चढा आहे, सुरमईच्या भावात तिथं साधा मासा येतो. मधला दलालही आलाच, आणि त्याला तिकडे म्हणतात ‘बान्यां’. बनिया! हर्णैला दलालावरून जी बोलणी चालतात ती सगळी मला भाषा न कळताही ओळखू आली.

एक माणूस कोर्दोन्ये साफ करत होता, तळहाताएवढे, पाठीला काट्यांची रांग. हा काटा लागला तर हात ठणकतो, विषारी असतो. त्यानं प्रत्येक मासा डोक्याकडून चिमटीत धरला, कात्रीनं पाठीचे काटे शेपटीकडून डोक्याकडे एका रेषेत कापले, मग पोटाकडचे, आणि कापलेले काटे खाली न टाकता एका डब्यात जमा केले. अनवाणी पोरं फिरत होती ना धक्क्यावर. त्याच्याकडूनच घेतले मी, तीन कोर्दोन्ये. जो माणूस काटे डब्यात टाकतो त्याचा मासा शिळा नसणार.

मंगळवारी बिस्किटं. गावातून कॅव्हेंडिश पूल ओलांडला की पलीकडे व्हील न्वार. तिथं ऊसाच्या शेतांच्या कडेला रो कुटुंबाची बिस्किटरी आहे, १८७० पासूनची. बिस्किट मॅन्योकचं, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचं. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अठराव्या शतकात फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने यानं तो मॉरिशसला आणून लावला, गुलामांना खायला घालण्यासाठी. माहेबूर हे नावही त्याच माणसावरून. (मला मात्र पहिल्या दिवसापासून ते ‘माहेर’सारखं ऐकू येत होतं.) गुलामांच्या पोटासाठी आणलेला कंद आज पाहुण्यांपुढं बशीत येतो, हे मी तिथं बसून बराच वेळ मनात घोळवत होते.

कारखाना म्हणतात, पण ती भट्टीच आहे. कंद सोलून, धुवून किसतात, दाबून पाणी काढतात. हे पाणी काढणं महत्त्वाचं, कच्च्या कंदात विषारी अंश असतो. मग चाळून साखर मिसळतात. पीठ कोरडंही नाही आणि भिजलेलंही नाही, आपण मोदकाच्या उकडीआधी तांदळाचं पीठ मुठीत दाबून बघतो ना, तसं. पुढच्या खोलीत तापलेल्या पत्र्यांसमोर बायका बसलेल्या. चौकोनी साचा तव्यावर ठेवायचा, त्यात पीठ भरायचं, हातानं सारखं करायचं, साचा उचलायचा. तव्यावर पांढरे चौकोन उभे राहतात, ना तेल ना पाणी, फक्त धगीनं एकमेकांना धरून. माझ्यासमोरची बाई साठीची असेल. तिनं काठाच्या एका चौकोनावर बोटाचं टोक टेकवलं, क्षणभर थांबली आणि मग सगळी ओळ उलटली. घड्याळ नाही, तापमापक नाही. मी भाकरी उलटताना तेच करते, बोटाला कळतं. उलटलेली बाजू फिक्या बदामी रंगाची, सगळ्यांची सारखी.

खाली जाळ कशाचा? उसाच्या पाचटाचा. माझी नणंद कराडला असते, त्यांच्याकडे ऊस तुटला की पाचट शेतातच पेटवून देतात आणि आठवडाभर आभाळ काळं होतं. इथं तेच पाचट जुड्या करून आत येतं. त्याचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, म्हणून सतत घालावं लागतं. एक माणूस त्याच कामाला. धूर डोळ्यांत जातो, दम्याचा त्रास असेल तर आत फार वेळ थांबू नका.

बघायला तिकीट आहे, त्यातच शेवटी चहा आणि चाखायला बिस्किटं. साधं, नारळाचं, दालचिनीचं, बडीशेपेसारख्या वासाचं चक्रफुलाचं, कस्टर्डचं. गुळगुळीत, खुसखुशीत बिस्किटाची अपेक्षा ठेवून जाल तर निराश व्हाल. हे कडक आणि कोरडं आहे, दाताला काम देतं, नुसतं खाल्लं तर घशात बसतं. चहात बुडवा. मैद्याचं बिस्किट चहात पडलं की तळाशी जातं, हे तसं करत नाही. हळूहळू चहा पितं, मऊ होतं आणि तरी हातात राहतं. साबुदाणा भिजल्यावर त्याला जी चिकट लकाकी येते तीच जिभेवर येते. मला नारळाचं सगळ्यात आवडलं, दालचिनीचं ओंकारला. कस्टर्डचं नाही घेतलं तरी चालेल. मी विचारून विचारून खात्री करून घेतली, की साध्या बिस्किटात धान्याचं पीठ अजिबात नाही. रविवारी घटस्थापना होती आणि नऊ दिवसांचा उपास माझा कधी चुकलेला नाही. साध्याची सहा पाकिटं घेतली.

मधल्या दिवसांतलं एक वाईट सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. समुद्रकाठी फिरताना एकानं दिवसभराची बोटीची सहल गळ्यात मारली. ‘ताज्या माशाचं जेवण’ असं छापलेलं होतं. बोटीत दाटीवाटीनं माणसं, गाणी इतकी मोठ्यानं की शेजारच्याचं ऐकू येईना. जेवणात आलेला मासा बर्फातला, चौकोनी कापलेला, कडा पांढऱ्या पडलेल्या. मी विचारलं कुठला मासा, तर सांगता येईना. आजूबाजूला गळ टाकून बसलेल्या होड्या दिसत असताना पाहुण्यांना परदेशातून गोठवून आलेला मासा वाढायचा, हे मला खानावळवाली म्हणून सहन झालं नाही. परत आल्यावर मी तोंडावर सांगितलं. पैसे काही मिळाले नाहीत. बोट घ्यायचीच असेल तर धक्क्यावर जाऊन एखाद्या मच्छीमाराशी बोला, तास-दोन तासांसाठी, आधी भाव ठरवून. किंवा इल ओ झेग्रेतला जा. ते २५-२६ हेक्टरांचं राखीव बेट आहे, गुलाबी कबुतरं आणि मोठमोठी कासवं आहेत, वन्यजीव संस्थेची माणसं बरोबर फिरून सगळं समजावतात. पैसे कुठं जातात ते दिसतं.

त्या बोटीवरून परतल्यावर माझा राग बघून तांतिननी मला ओसरीवर बसवलं आणि शिवणाचं मशीन दाखवलं. तिथून वाकाशिओची गोष्ट निघाली. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे जपानी मालकीचं मालवाहू जहाज पॉइंट देस्नीजवळ, म्हणजे माहेबूरच्या अगदी शेजारी, प्रवाळाच्या कड्यावर चढलं. बारा दिवस ते तसंच उभं होतं, गावाला रोज दिसायचं. ६ ऑगस्टला त्यातून तेल सुटलं, सुमारे १,००० टन. खाडी काळी झाली. सरकारी मदतीची वाट न बघता लोक रस्त्यावर आले. कापडाच्या लांब नळ्या शिवायच्या, त्यात उसाचं पाचट ठासायचं, तरंगायला रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधायच्या आणि पाण्यात सोडून तेल अडवायचं. माहेबूरच्या किनाऱ्यावर शेकडो माणसं हेच करत बसली होती. तांतिनचं मशीन चार दिवस बंद झालं नाही. त्यांच्या भाचीनं केस कापून दिले, केस तेल धरतात म्हणून. यजमानांची होडी तेव्हापासून ओढून ठेवली ती ठेवलीच. मासेमारी कित्येक महिने बंद होती, आणि ती सुरू झाली तेव्हा त्यांचे गुडघे राहिले नव्हते. हे सांगताना ते बोलले नाहीत, तांतिनच बोलल्या. ते फक्त मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते.

माहेबूरचा मासा खा असं मी जे एवढं कळकळीनं लिहितेय ते यासाठी. तिथला मच्छीमार त्या खाडीतून अजून काढतोय, आणि त्याचा मासा त्याच्या गावात आलेल्या पाहुण्याच्या ताटात पडला पाहिजे.

बाकी उपयोगाचं थोडक्यात. पोर्ट लुईहून आणि क्युरपिपहून थेट बस आहे, बाजाराच्या दारातच उतरवते. वारा जोराचा असतो, संध्याकाळी पातळ शाल लागते. पोहायला माहेबूरचा किनारा नाही, त्यासाठी ब्लू बे, बसनं जवळच. तिथलं सागरी उद्यान संरक्षित आहे, प्रवाळावर पाय देऊ नका. गावातलं इतिहासाचं संग्रहालय जुन्या फ्रेंच वाड्यात आहे. १८१० च्या ऑगस्टमध्ये समोरच्या खाडीत इंग्रज-फ्रेंचांची मोठी लढाई झाली आणि दोन्हीकडचे जखमी सेनापती याच वाड्यात एका छताखाली उपचाराला होते. पाऊण तास पुरतो. संध्याकाळी सातनंतर गाव झोपतं, बाहेर जेवायचं तर लवकर जा. शाकाहारी माणसाचेही हाल होणार नाहीत, ढोल पुरी आणि ब्रेदवर महिना निघेल.

दुसरा सोमवार १६ ऑक्टोबरचा. तिकडे दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर ‘उरीत’ पकडायला बंदी असते. उरीत म्हणजे ऑक्टोपस, आपल्याकडे माकूल सगळे खातात पण याला फारसं कोणी विचारत नाही. तिकडे मात्र लोक जीव टाकतात. दोन महिन्यांनी पहिला दिवस. साडेसहालाच धक्क्यावर सत्तर-ऐंशी माणसं. यजमान काठी टेकत आमच्याबरोबर आले होते, गेल्या सोमवारी आले नव्हते. होडी लागली, एकानं टोपलीतून उरीत वर धरला, आठही पाय खाली लोंबणारे, अंगावर अजून रंग बदलत होता, तपकिरीचा करडा, करड्याचा पुन्हा तपकिरी. यजमानांनी तो हातात घेतला, वजन करायच्या आधीच किती भरेल ते सांगितलं. काटा तेवढ्यावरच थांबला.

तो मीच घेतला, त्यांच्यासाठी. माझा घटस्थापनेचा दुसरा दिवस होता, पण नवरात्रात खानावळीत गिऱ्हाइकांसाठी मी रांधतेच, तसं इथंही रांधलं. तांतिननी तो दगडावर आपटून मऊ करायला शिकवलं, आणि कच्च्या पपईच्या फोडी घालायला, त्यानं लवकर शिजतो. वाटण मी रोस कारीवर केलं, खोबरं-धणे-मिरची आमच्या पद्धतीचं. बाबा हाताला जड होता, आमच्या वरवंट्यापेक्षा आखूड आणि जाड. कालवणाला उकळी आली. मला चाखता येत नव्हतं. तांतिननी पळीतून तळहातावर घेऊन चाखलं, चिमूटभर मीठ टाकलं, यजमानांना दिलं. ते म्हणाले काहीतरी क्रिओलमध्ये, आणि बशी पुढं केली. मी पायरीवर बसून चहात बिस्किट बुडवलं.